मूषकाचं मूळ गाव

सावकाश बसा. पाठ ताठ असावी, पण आखडलेली नको. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आता मनानं रिकार्टनच्या रानात या. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात, घरं आणि रहदारी यांच्यामध्ये, हा जेमतेम ८ हेक्टरांचा तुकडा उरला आहे. माओरी त्याला पुतारिंगामोतू म्हणतात. १८४३ साली डीन्स बंधू इथे राहायला आले. १९१४ मध्ये त्यांच्या कुटुंबानं हे रान लोकांच्या हवाली केलं. इथली काही काहिकातेआ झाडं ६०० वर्षांच्या घरातली आहेत. एकाच्या बुंध्याशी उभे राहा. मान वर करा आणि शेंडा सापडेपर्यंत बघत राहा.

मग कुंपणापाशी या. २००० साली ते रानाभोवती घातलं, उंदीर, मांजर, पॉसम आत येऊ नयेत म्हणून. त्याच्या आत किवीची पिल्लं सांभाळून वाढवली गेली आहेत. इतका बंदोबस्त कशाला, हा प्रश्न मनात येऊ द्या. उत्तराची घाई नको.

या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. इथल्या पाखरांचा वैरी आकाशातून यायचा, डोळ्यांनी हेरायचा. म्हणून पाखरं गप्प राहायला शिकली. धोका दिसला की हलायचं नाही, बस. उंदीर मात्र रात्री येतो, वासावर येतो. घरट्यात जीव मुठीत धरून निश्चल बसलेल्या त्या पाखराशी क्षणभर थांबा. लाखो वर्षं तारणारी सवयच तिथे घात करते.

देशाच्या दक्षिणेला ताउकिहेपा नावाचं बेट आहे. तिथे उंदीर पोचले आणि १९६४ च्या सुमारास बेट उंदरांनी भरून गेलं. तिथला बुश रेन, तिथला स्नाइप हे पक्षी आणि मोठं आखूडशेपटी वटवाघूळ आज जगात कुठेच दिसत नाहीत. टिएके नावाचा पक्षी वाचला, कारण माणसांनी त्याला वेळेवर उचलून शेजारच्या बेटांवर नेलं.

ताउकिहेपावरचा उंदीर कोणता? काळा उंदीर. त्याच्या कुळाचं मूळ गाव आपला भारतीय उपखंड. आपल्या माळ्यावरून धावणारा, माडावर सरसर चढणारा. धान्याच्या मागे तो बंदरात गेला, बंदरातून गलबतात, आणि पिढ्यान् पिढ्या बोटी बदलत एकोणिसाव्या शतकात या देशात आला. त्यानं हा देश निवडला नव्हता. हे ऐकून आत काय हलतं, ते बघा. बाजू घेऊ नका.

आता दोन गोष्टी एकदम डोळ्यांपुढे आणा. भाद्रपदात रिकार्टनमधल्या एखाद्या मराठी घरात गणपती बसला आहे; पायाशी मूषक, समोर मोदक. त्याच घराच्या मागच्या अंगणात लाकडी खोक्यात सापळा आहे, आमिष पीनट बटरचं. २०५० पर्यंत देशातून उंदीर हटवायचे, असं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं आहे, आणि शेजारपाजारचे लोकही त्यासाठी सापळे लावतात. मूषक आणि सापळा, दोन्हींकडे सारख्याच शांतपणे बघा. अवघडल्यासारखं वाटलं तर वाटू द्या.

मला विचाराल तर सापळा लावावाच. घरट्यातल्या पाखराला दुसरा वाली नाही. पण उंदराला दुष्ट ठरवून तो लावू नये. माणसानं आणलेल्या जिवाला माणूसच मारतो आहे, एवढं ज्याला कळतं त्याचा हात निष्काळजी होत नाही. तो चटकन जीव जाईल असा सापळा घेतो, रोज सकाळी बघतो, कुणाला अर्धमेलं तडफडत ठेवत नाही.

सापडलेल्या उंदराकडे एकदा नीट बघा. मोठे, पातळ कान. अंगाहून लांब शेपटी. बारीक मिशा. नजर वळवू नका. तिटकारा आला तर येईल आणि जाईल. मग त्याला झाडाखाली पुरा, खोकं पुसा, आमिष भरा, आणि स्प्रिंग पुन्हा ताणून ठेवा.