रिकामा रकाना

वाशीमच्या पठारावर पडणाऱ्या पावसाची मोठी मौज आहे. कांहीं पाणी काटेपूर्णेच्या वाटेनें उत्तरेस उतरून पूर्णेला व पुढें तापीला मिळतें आणि पश्चिम समुद्रास जातें. कांहीं पूस, अरुणावती, अडाण ह्या नद्यांतून पैनगंगेंत येतें व वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून पूर्व समुद्र गांठतें. वाटेंत तें अशा लोकांच्या घागरींत पडतें कीं ज्यांचीं तोंडें आपण कधीं पाहणार नाहीं.

म्हणून नदीच्या पाण्याची तपासणी ही केवळ रसायनशास्त्राची बाब नव्हे. जलप्रदूषणाविषयींचा कायदा १९७४ सालीं झाला. त्यानंतर ठरल्या जागीं, ठरल्या काळानें नमुना घेऊन नोंद करण्याची पद्धत देशांत रुजत गेली. त्यांतील एकच परीक्षा पाहूं. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजावयाचा असतो. बाटली बुडबुडा राहूं न देतां भरावी लागते, आणि विंक्लर ह्या हंगेरियन रसायनज्ञानें १८८८ सालीं सांगितलेल्या रीतीप्रमाणें तींत दोन द्रावणें तेथेंच, काठावर, घालावीं लागतात. कारण प्रयोगशाळेच्या वाटेवर तो वायु आहे तितका राहत नाहीं. स्नानाच्या पाण्यांत तो लिटरमागें निदान ५ मिलिग्रॅम असावा, असें आपल्याकडील मानक आहे.

आतां समजा, पूर आला, रस्ता तुटला, किंवा नुसता कंटाळा आला, आणि एका महिन्याचा नमुना राहून गेला. मागील महिन्याचा आकडा ६.८, त्याच्याहि मागचा ७.१, तर त्यांच्या आसपासचा एखादा आकडा घालून रकाना भरल्यानें काय बिघडलें? ह्या प्रश्नाकडे आम्हांस तुच्छतेनें पाहवत नाहीं. घरखर्चाची वही महिनाअखेर एका बैठकींत भरून काढणारे आमच्यांतहि थोडे नाहींत.

परंतु अंदाजाचा स्वभाव पाहा. तो नेहमीं कालच्यासारखा असतो. नदीचें बिघडणें वर्षानुवर्षें, नकळत चालतें, आणि तें ओळखण्यासाठींच तर ही वही. तिच्यांत अंदाज शिरला कीं नदी होती तशीच आहे अशी साक्ष ती देऊं लागते. बरें, ह्या साक्षीची उलटतपासणीहि होत नाहीं. गेल्या भाद्रपदाचें पाणी समुद्रांत गेलेलें असतें. खोटें नाणें वाजवून पाहतां येतें; खोटा आकडा खऱ्यासारखाच वाजतो. फसतो तो वीस वर्षांनीं वही उघडणारा, जो आज कदाचित् शाळेंतहि जात नसेल.

रिकामा रकाना त्याला निदान फसवीत नाहीं. त्यांतहि प्रकार आहेत. वऱ्हाडांतल्या लहान नद्या उन्हाळ्यांत आटून डोह तेवढे उरतात, कित्येक ठिकाणीं तेहि नाहींत. अशा वेळीं 'पात्र कोरडें, नमुना मिळाला नाहीं' ही पूर्ण नोंद होय. 'गेलों नाहीं' ही दुसरी, आणि ती लिहिणें अधिक कठीण. डोहाचें सांचलेलें पाणी भरून घेऊन त्यास वाहत्या नदीचें नांव देणें ही तिसरी गोष्ट. भर वैशाखांत तीच सर्वांत सोपी. डोहापाशीं सावली असते.