‘डायरेक्ट करून द्या’

पावसाळा लागला की बेळगावापासून खाली गोव्यापर्यंत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे कपडे वाळत नाहीत. मुलांचे गणवेश, चादरी, लहान बाळाची दुपटी तीन तीन दिवस दोरीवर लोंबकळतात आणि शेवटी कुबट वास घेऊनच घडीत जातात. म्हणून कपडे वाळविणारे यंत्र ही आता केवळ श्रीमंताघरची चैन राहिलेली नाही. आपल्या घरांतून त्याचे दोन प्रकार दिसतात. एक जुना व सर्वांच्या ओळखीचा, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक धुलाईयंत्राच्या शेजारची ती अरुंद टाकी. तिला आपण ‘ड्रायर’ म्हणतो. ती कपडे गरगर फिरवून त्यांतील पाणी बाहेर फेकते. दुसरा नवा, गरम हवेने कपडे पुरते कोरडे करणारा. परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी तो बहुधा असतोच, आणि आता इकडेही येऊ लागला आहे.

धार्मिक मासिकात यंत्राची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, या यंत्राच्या दुरुस्तीत एक शब्द वारंवार ऐकू येतो आणि त्या शब्दात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘डायरेक्ट’.

टाकीच्या झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण उघडले की तो मोटरची वीज तोडतो, आणि त्याच वेळी खालचा ब्रेक टाकीला आवळून काही सेकंदांत थांबवतो. मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणारी ती टाकी आहे. तिच्यात हात गेला तर ओले कापड बोटांभोवती, मनगटाभोवती पीळ घालते आणि हात आत ओढला जातो. दमट हवेने हा स्विच कालांतराने गंजतो, ब्रेकची तार सैल पडते किंवा तुटते. मग यंत्र चालेनासे होते. मिस्त्री येतो, स्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडतो आणि म्हणतो, “डायरेक्ट करून दिलंय, आता बंद पडणार नाही.” खरेच, ते बंद पडत नाही. झाकण उघडे असले तरी पडत नाही. घरधनी पैसे वाचले म्हणून खूश, मिस्त्री काम झटपट झाले म्हणून खूश.

आता त्या टाकीत हात कोणाचा जातो ते पाहा. पुष्कळ घरांत कपडे धुण्याचे काम मोलकरीण करते. तिला चार घरे उरकायची असतात. टाकी पुरती थांबेपर्यंत उभे राहण्यास तिला वेळ नसतो. नाहीतर घरातील सून असते, किंवा झाकण उचलून आत डोकावणारे पाच वर्षांचे पोर असते. ‘डायरेक्ट करा’ असे ज्याने सांगितले त्याचा हात तेथे क्वचितच असतो. नफा एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. आणि दुसऱ्याला तिची कल्पनाही दिलेली नसते.

पवित्र शास्त्रात अशा गोष्टींविषयी काही सापडेल असे आपणांस सहसा वाटत नाही. परंतु अनुवाद २२:८ उघडून पाहावे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा केलाच पाहिजे, नाहीतर कोणी तेथून पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, असा तो नियम आहे. संडे स्कूलमध्ये हे वचन आम्ही फारसे कोणी शिकवीत नाही, कारण त्यात चमत्कार नाही व कथाही नाही. पण त्या काळचे धाबे म्हणजे घरातील कामाची जागा होती. लोक तेथे निजत, बसत, प्रार्थना करीत. पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. आणि राहाब? तिने हेरांना कोठे लपविले हे शिक्षकांनी वर्गात विचारून पाहावे. धाब्यावर पसरलेल्या अळशीच्या ताटांखाली, असे यहोशवा २:६ सांगते. अळशीच्या ताटांपासून तागाचे कापड निघते. म्हणजे वाळवण घालण्याच्या जागेलाच देवाने कठडा सांगितला होता! यात आम्हांला एक लहानसा आनंद वाटतो, तो वाचकांनी क्षमा करून चालवून घ्यावा.

या नियमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कठडा घरमालकाने स्वतःसाठी बांधावयाचा नाही. मालकाला आपल्या धाब्याची कड अंधारातही ठाऊक असते. कठडा पाहुण्यासाठी, मुलासाठी, चाकरासाठी असतो. आणि पडणारा माणूस निष्काळजीपणे चालत होता की नाही, याची चौकशी तो नियम करीत नाही. झाकणाचा स्विच हा त्याच जातीचा कठडा आहे. तो काढून टाकल्यावर “तिने सांभाळून हात घालायला हवा होता” हे म्हणणे आम्हांला मान्य होण्यासारखे नाही.

आता दुसरे वचन, निर्गम २१:२८ व २९. बैलाने एकाएकी कोणाला हुंदडून मारले तर मालक निर्दोष. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असून मालकाला तशी सूचना मिळालेली असेल, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालकही दोषी. सर्व फरक एका गोष्टीने पडतो, ती म्हणजे माहिती. ठाऊक नव्हते तोवर अपघात. ठाऊक झाल्यावर अपराध. कायद्याचे विद्वान पुढे जे ग्रंथच्या ग्रंथ लिहीत आले, त्यातील एक मोठे तत्त्व येथे एका बैलाच्या निमित्ताने सांगितले आहे.

हे तत्त्व आजही किती जिवंत आहे, ते इंग्लंडातील एका प्रकरणावरून दिसते. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूल कंपनीने जाहीर केले की, हॉटपॉइंट, इंडेसिट इत्यादी नावांनी २००४ पासून विकलेल्या तिच्या गरम हवेच्या ड्रायरांत दोष आहे. कपड्यांचे तंतू आतल्या हीटरवर पडून पेट घेऊ शकतात. अशी सुमारे ५३ लाख यंत्रे त्या देशात विकली गेली होती. एवढी यंत्रे एका दिवसात दुरुस्त होणे शक्य नव्हते हे उघड आहे. परंतु दुरुस्ती होईपर्यंत लोकांनी काय करावे? सल्ला असा दिला गेला की, यंत्र वापरण्यास हरकत नाही, मात्र ते चालू असताना घरात कोणीतरी असावे. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील १८ मजली इमारतीत अशाच एका ड्रायरपासून आग लागली. माणसे घरात होती, म्हणून ती बाहेर पडू शकली. पण आग वरच्या मजल्यांपर्यंत चढलीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सल्ला बदलून प्लग काढून ठेवा असे सांगण्यात आले, आणि उरलेली यंत्रे परत घेण्यास २०१९ साल उजाडले. बैल मारका आहे हे ठाऊक होते. तरी तो बांधून न ठेवता, “त्याच्याकडे लक्ष ठेवा” एवढेच सांगितले गेले. मोठ्या कंपनीस दोष देणे सोपे असते. आपल्या न्हाणीघरातील झाकण उघडून पाहणे त्याहून थोडे कठीण.

गरम हवेच्या ड्रायरासंबंधी दोन शब्द अधिक लिहितो, कारण त्याचे धोके आपल्या लोकांना नवे आहेत. प्रत्येक धुण्यातून बारीक तंतू सुटतात. ते जाळीत साठतात, आणि जाळीतून निसटलेले बाहेर जाणाऱ्या नळीत व यंत्राच्या पोटात जाऊन बसतात. हा तंतू म्हणजे पिंजलेला कापूसच. चुलीजवळ आपण तो कधीही ठेवणार नाही. अमेरिकेच्या अग्निशमन विभागाने २००८ ते २०१० या वर्षांचा अंदाज दिला आहे, त्याप्रमाणे तेथील घरांत ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी दरवर्षी लागत होत्या, आणि कारणांत पहिला क्रमांक, ३४ टक्के, यंत्र साफ न केल्याचा होता. सदोष बनावटीचा नव्हे, साफ न केल्याचा! म्हणून जाळी प्रत्येक खेपेस साफ करावी. बाहेर हवा सोडणारी नळी धातूची, शक्य तितकी सरळ व आखूड असावी, आणि ती वर्षातून एकदा तरी उघडून झाडावी. कपडे वाळायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागला की नळी तुंबत आली असे समजावे. उष्णता वाढवून तो प्रश्न सुटत नाही, वाढतो.

तेलाचे तर विशेषच आहे. बाळाच्या मालिशीची फडकी, स्वयंपाकघरातील तेलकट पंचे, रंगकामाची टर्पेंटाइन लागलेली कापडे या यंत्रात घालू नयेत. धुऊनही तेल पुरते जात नाही, आणि गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जाऊन ठिणगीवाचून पेट घेऊ शकते. शेवटची काही मिनिटे यंत्र गरम न करता नुसते फिरवते ते याचसाठी. घाईने मध्येच बंद करून कपडे आत तसेच दडपून ठेवू नयेत.

याही यंत्रात ‘डायरेक्ट’ आहे. उष्णता मर्यादेबाहेर गेली की आतील एक लहान थर्मल फ्यूज जळतो आणि यंत्र थंड पडते. नवा फ्यूज यंत्राच्या मानाने अगदी स्वस्त असतो. परंतु तो का जळला, हे शोधायला नळी सोडवावी लागते, थर्मोस्टॅट तपासावा लागतो. त्यापेक्षा तारेचा तुकडा जोडला की काम पाच मिनिटांत होते. जुन्या घरांत फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तांब्याची तार घालणारे आजोबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील; ही त्याच विद्येची पुढची इयत्ता.

आमच्या तरुण संघातील एक मुलगा हेच काम करतो. त्याने एकदा आम्हांला सरळ विचारले, “काका, गिऱ्हाईक म्हणतंय डायरेक्ट कर. मी नाही केलं तर पुढच्या गल्लीतला करणार, आणि माझा पगार बुडणार. मग फरक काय पडला?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्या घरी आई आजारी आहे, आणि उपदेश करणाऱ्याचे त्यात काही बुडत नाही. तथापि आम्ही त्याला म्हटले की, पुढच्या गल्लीतल्याने केले तर धोका राहिला हे खरे, पण तो तू घातलेला नसेल. तुझ्या हाताचा हिशेब तुझ्यापाशी. तो म्हणाला, “ते ठीक, पण पोट?” त्यावर आमच्याजवळ शास्त्रवचन नव्हते. आम्ही एवढेच सुचविले की, ‘नाही’ म्हणण्याऐवजी गिऱ्हाइकाला झाकण उघडून फिरती टाकी दाखवावी आणि विचारावे, तुमच्या घरात हे कोण उघडते? त्याने तसे करून पाहिले. काहीजण ब्रेकची तार बदलून घेतात, असे तो सांगतो. काहीजण अजून पुढच्या गल्लीतच जातात.

म्हणून खरा भार गिऱ्हाइकावर आहे असे आमचे मत झाले आहे. गरीब मिस्त्रीने एकट्याने सचोटी सांभाळावी आणि आपण स्वस्तातले काम मागत राहावे, हे न्यायाचे नाही. एखाद्या घरी खरोखर पैशाची अडचण असते, हेही आम्ही जाणतो. तेथे नवा स्विच येईपर्यंत ती टाकी बंद ठेवावी आणि कपडे हातांनी पिळावे. त्रास होईल. पण तो त्रास निर्णय करणाऱ्याच्या वाट्याला येईल, आणि आमच्या मते योग्य तेच आहे.

काही भाविक म्हणतात, “राखणारा प्रभू आहे, इतकी काळजी म्हणजे अविश्वास.” मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतानाने येशूला जवळजवळ हेच सांगितले होते, की उडी टाक, देवदूत झेलतील. येशूने उडी टाकली नाही. आणि अपघात झाल्यावर “देवाची इच्छा” म्हणून डोळे पुसणारेही आम्ही पाहिले आहेत. ज्या हाताची बोटे गेली त्या बाईसमोर हे शब्द उच्चारण्यापूर्वी, ती दोन तारांची गाठ देवाने बांधली होती काय, हे विचारून घ्यावे.

आता करावयाचे काय? टाकी रिकामी फिरवून झाकण उचलावे; ती लगेच थांबली पाहिजे. न थांबल्यास त्याच दिवसापासून वापर बंद. टाकीखालचे रबरी सील गळत असेल तर पाणी मोटरवर पडते, तेही पाहावे. उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हे खाली वाकून पाहावे. भिंतीतील सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नुसते तिसरे भोक आहे, याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. घरच्या घरी उघडाउघड करणाऱ्यांनी प्रथम प्लग काढावा, आणि कपॅसिटरला तरीही हात लावू नये. त्यात वीज साठून राहू शकते. रविवारी उपासनेला निघताना गरम हवेचे यंत्र सुरू करून जाण्याची सवय काही घरांत दिसते, ती मोडावी; रात्री निजतानाही तेच. जळका वास आल्यास यंत्राचे दार उघडून पाहू नये, कारण हवा मिळताच आग भडकते. प्लग काढता येत असेल तर काढावा, नाहीतर मेन स्विच बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे व ११२ किंवा १०१ ला फोन करावा. आणि हा प्लग व हा मेन स्विच कोठे आहे, ते कामाला येणाऱ्या बाईंना आधीच दाखवून ठेवावे. तो बंद करण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागणार नाही, हेही त्याच वेळी सांगावे.