विश्वास नेमका कुठे ठेवला आहे?

पहाऱ्यावर निसर्गनियमच उभा असेल, तर माणसावर विश्वास ठेवण्याची गरज उरते का? क्वांटम संदेशवहनाने हा जुना प्रश्न नव्या निकडीने पुढे आणला आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. अशाच निर्बंधांच्या आधारावर १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी एकेका प्रकाशकणातून गुप्त किल्ली पाठवण्याची रीत मांडली. वाटेत कोणी कण चाचपला, की त्याची खूण चुकांच्या रूपाने मागे राहते. यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला, की आता कुणावर भरवसा टाकायला नको. माझे म्हणणे असे, की भरवसा टाकावाच लागतो. मात्र तो कशावर टाकला आहे, हे इथे नाव घेऊन सांगावे लागते. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक मला तिथेच दिसतो.

अशा किल्ल्या पाठवणाऱ्या जाळ्यांवर राबणाऱ्या पोस्टडॉक संशोधकाचे काम जवळून पाहिले, की हे पटते. खांबांवरून गेलेली काचेची तार उन्हाने तापते, तिच्यातल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण हळूहळू सरकते आणि चुका वाढतात. चूक उन्हाची की चोराची, हे मोजणीतून कळत नाही. म्हणून प्रत्येक चूक चोराचीच धरायची, आणि मूळ पद्धतीत प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर गेले की किल्ली टाकून द्यायची. संशयाला इतकी शिस्त लावूनही विश्वास शिल्लक राहतोच. पलीकडचा माणूस तोच आहे, हे ओळखण्याची काही खूण आधी ठरलेली असावी लागते. कण टिपणारा शोधक नीट वागतो, असे मानावे लागते. पण बाजारात मिळणाऱ्या दोन यंत्रणांचे शोधक प्रखर प्रकाशाने दिपवून बाहेरून ताब्यात घेता येतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. शिवाय उत्तम तारेतही १०० किलोमीटरनंतर शंभरातला साधारण एकच कण पोचतो, आणि प्रत काढता येत नसल्याने संदेशाला वाटेत बळ देता येत नाही. म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीजिंग-शांघाय या सुमारे २,००० किलोमीटरच्या मार्गावर ३२ ठाणी आहेत. मधल्या ठाण्यांत किल्ली उघडी होते. तिथल्या कुलपावर आणि माणसांवरच भिस्त.

कोणी म्हणेल, ही अडचण तात्पुरती आहे. उपकरणांवरही विश्वास न ठेवणारी पद्धत आली आहे. ते खरे आहे. डेल्फ्टमध्ये २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांमध्ये बेलची कसोटी, म्हणजे या पद्धतीचा पाया असलेली दूरच्या कणांमधल्या क्वांटम नात्याची पारख, मुख्य पळवाटा बुजवून पार पडली, आणि २०२२ मध्ये अशा किल्लीचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. तरीही प्रयोगशाळेतून माहिती गळत नाही आणि मोजमापाची निवड कुणी आधीच ठरवलेली नाही, एवढे गृहीत धरावेच लागते. आपल्याकडे न्याय आणि मीमांसा या दर्शनांचे अनुयायी, नैयायिक आणि मीमांसक, यांचा वाद याच जागी अडला होता. समोर पाणी आहे की मृगजळ, हे तहान भागली की ठरते, असे नैयायिक म्हणतो. ती तपासणी कोण तपासणार, असे मीमांसक विचारतो. तपासणीची साखळी अखंड मागे नेली तर अनवस्था येते, म्हणून बाधक पुरावा येईपर्यंत ज्ञान प्रमाण मानावे, हे त्याचे उत्तर. संशोधकाला हे दोन्ही पाळावे लागते: तपासता येईल तितके तपासायचे, आणि जिथे थांबलो ती जागा लिहून ठेवायची.

मग सगळ्याच श्रद्धा सारख्या का? नाहीत. ठाणी मोजता येतात, शोधकाचा दोष दाखवला की तो सुधारता येतो. ज्या श्रद्धेला आपली गृहीतके सांगता येत नाहीत तिला हा मार्ग बंद असतो. दोन-तीन वर्षांच्या करारावरच्या संशोधकाला निबंध लवकर छापून येण्याची घाई असते, आणि त्याच्या नोंदींवर पुढचा माणूस जाळे उभारणार असतो. कोणती मोजमापे वगळली आणि का, हे त्याच्या नोंदवहीत लिहिलेले असावे. ही मागणी फक्त माणसाकडेच करता येते.