योग, क्षेम आणि सायकल

खंडेनवमीस आपल्या घरोघरी आयुधांची पूजा होते. तलवारी-ढाली आता कोणाजवळ राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी नांगर, शिवणयंत्र, पाने, पक्कड, मोटार आणि सायकल यांस गंधफूल वाहिले जाते. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत मराठी घर काय किंवा कानडी घर काय, या पूजेचा भाव एकच. ज्या साधनाने वर्षभर आपणांस साथ दिली, त्याचे वर्षातून एकदा ऋण मानावयाचे. गेल्या खंडेनवमीस आमच्याच देव्हाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. तो बहुतेक घरांस लागू पडण्यासारखा असल्यामुळे वाचकांपुढे ठेवीत आहो.

आम्हांस सायकलीचा छंद आहे. पहाटेच्या अंधारात बीदरहून निघावे, तांबड्या मातीचे पठार मागे टाकावे, माणिकनगरास प्रभूंचे दर्शन घ्यावे आणि ऊन तापण्याच्या आत परतीची वाट धरावी, यासारखे सुख आम्हांस दुसरे ठाऊक नाही. परंतु छंदापाठोपाठ वस्तू आल्या. एक पंप होता, दुसरा आला. हलके हँडल आले, हातमोजे आले, पान्यांचा नवा संच आला. त्या दिवशी हे सर्व आम्ही पाटावर मांडले. त्यांतील निम्म्या वस्तूंचे वेष्टनही उघडलेले नव्हते. आमच्या सौभाग्यवती हळदकुंकवाचे तबक घेऊन आल्या आणि क्षणभर थबकून म्हणाल्या, “अहो, आज आयुधांची पूजा आहे, दुकानाची नव्हे! ज्याला कधी हात लावला नाही, त्याला आयुध कसं म्हणायचं?”

आम्ही हसलो खरे. पण त्याच सकाळी दूध घालणारा मुलगा पुन्हा उशिरा आला. पंधरवडाभर तो उशिराच येत होता आणि त्याबद्दल आम्ही त्यास दोनदा रागावलोही होतो. त्या दिवशी प्रथमच कारण विचारले. तो म्हणाला, “सायकलची ट्यूब फाटलीय, काका. सोयाबीनची रास झाल्यावर घेऊ, असं बाबा म्हणाले.” आमच्या कपाटात दोन ट्यूब कोऱ्या पडल्या होत्या आणि हा मुलगा तीन मैल पायी येत होता!

तर मग वस्तू घेणे हेच पाप आहे काय? आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ म्हणतात की, त्यांच्या काळी एक सायकल जन्मभर पुरे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. सायकलीची चेन झिजते. तिच्या दोन खिळ्यांमधील अंतर नवेपणी अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच माप एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी. एक अष्टमांश इंचापर्यंत वाट पाहिली, तर ती दातेरी चक्रांचे दातही खाऊन टाकते आणि वाचविलेल्या रुपयापायी अनेक रुपये जातात. ब्रेकचे रबर गुळगुळीत झाले असता ‘अजून चालेल’ म्हणणारा स्वतःचाच नव्हे, तर रस्त्यावरील दुसऱ्याच्या मुलाचाही जीव धोक्यात घालतो. शिरस्त्राणाच्या आतील फेसाचा थर एकदा जोराचा आघात बसला की दबतो व पुन्हा फुगत नाही. वरून ते अभंग दिसले तरी बदललेच पाहिजे. अशा वेळी खर्च न करणे यास काटकसर म्हणत नाहीत; ते कर्तव्यास चुकणे होय.

वस्त्रांचेही तसेच. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते आणि पन्नास मैलांच्या वाटेवर मांड्या सोलून निघतात. आत गादी शिवलेली तंग विजार त्यासाठीच असते. ती घालून देवळात जाण्यास संकोच वाटतो, म्हणून आम्ही पिशवीत एक पंचा ठेवतो. अशी एक विजार अंगावर व एक दोरीवर, एवढी गरज. सहावी विजार मात्र गरजेत बसत नाही.

मग सीमा कोठे आखावी? आपल्या परंपरेत यासाठी एक जोडशब्द आहे : योगक्षेम. जे आपणांजवळ नाही ते मिळविणे हा योग; जे मिळाले त्याचे रक्षण करणे हा क्षेम. आमचा दोष असा की योगाची आम्हांस हौस आणि क्षेमाचा कंटाळा. चेनची झीज मोजण्याचे खास हत्यार आम्ही मागविले होते. ते वेष्टनात तसेच राहिले आणि गाडीची चेन धुळीने वाळत राहिली. वास्तविक ती झीज मुलांच्या फूटपट्टीनेही मोजता येते. आम्हांस असे वाटते की, जेवढ्या वस्तूंचा क्षेम आपल्या हातून होईल तेवढ्यांचाच योग धर्म्य होय. पतंजलींनी अपरिग्रहाची गणना यमांत केली. साठविण्याचा हा निग्रह आमच्या समजुतीप्रमाणे दारिद्र्याची स्तुती नव्हे. सांभाळता येत नाही त्याचा भार न घेणे, एवढाच त्याचा गृहस्थाश्रमातील अर्थ.

मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांची वाट तुडवून १९२८ साली परतले. आजच्या दुकानांतील हलक्या धातूंचे भाग त्यांस कोठून मिळणार? परंतु जे होते ते रोज पुसावे, तपासावे, दुरुस्त करावे लागलेच असेल. नाहीतर अशी वाट संपत नाही. आपल्याकडील वाटेचे मागणेही साधेच आहे. बाभळीचा काटा आणि पावसाळ्यात चाकास लिंपणारी काळी माती, हे आपले खरे वैरी. त्यांपुढे हलके हँडल काय करणार? तेथे उपयोगी पडतो तो पंप, पंक्चर काढण्याचे सामान आणि ते वापरण्याची हातांस असलेली सवय.

आणखी एक गोष्ट. याच भूमीत, बसवकल्याणी, १२व्या शतकात शरणांनी कायक आणि दासोह यांची जोड घालून दिली. श्रमाने मिळवावे आणि मिळविलेल्यातून समाजास अर्पावे. तेव्हा क्षेम म्हणजे केवळ आपल्या कपाटाचे रक्षण नव्हे. आमच्या अरुंद चाकाची ट्यूब त्या मुलाच्या चाकास बसत नव्हती, ही सबब खरी. परंतु आमचा पंप बसत होता, आमचे पाने बसत होते आणि आमचे हातही रिकामेच होते. त्याच दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. वाटेत दुकानातून घेतलेल्या ट्यूबची किंमत आमच्या एका मोज्यांच्या जोडीहूनही कमी भरली. टायर उतरविण्याच्या पट्ट्यांचे वेष्टन त्या दिवशी प्रथम फाडले. त्या वापरण्यात त्या मुलाचा हात आमच्याहून चपळ निघाला, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हापासून नवी वस्तू घेण्यापूर्वी आम्ही जुनी हाती घेऊन पाहतो. ती झिजली आहे की केवळ आमचे मन तिला विटले आहे? झिजली असेल तर बिनदिक्कत नवी घ्यावी. मन विटले असेल तर त्या दिवशी सायकल धुवावी, चेनला तेल द्यावे, चाकाचा आऊट काढावा. बहुधा सायंकाळपर्यंत ती जुनी सायकलच नवी वाटू लागते. आणि जे खरोखरच अधिक झाले असेल, ते गंजण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती जावे.

येत्या खंडेनवमीस आमच्या पाटावर वस्तू थोड्या असतील. पण त्यांवर तेलाचे डाग असतील. देवीस तेच अधिक आवडेल, असा आमचा भाव आहे.