सोळा आण्यांचं वर्तुळ

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीची गोष्ट निघाली की जुनी माणसं अजूनही वाटा आण्यांत सांगतात. "त्या वाडीत आमचे चार आणे," एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजतं. अख्खी वाडी म्हणजे एक रुपया, सोळा आणे. भाऊ चार असतील तर प्रत्येकी चार आणे. त्यातल्या एकाला दोन मुलगे असतील तर पुढच्या पिढीत दोन-दोन आणे. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि आण्याचं नाणं हळूहळू खिशातून गेलं, पण जमिनीच्या वाटणीतून आणा गेला नाही. पिकाचीही आणेवारी निघायची. आता तिला पैसेवारी म्हणतात आणि ती 50 पैशांच्या खाली उतरली की गावात टंचाईच्या सवलतींची बोलणी सुरू होतात.

या बोलण्यातली एक खुबी मला फार मोलाची वाटते. "चार आणे" म्हणताना जमीन किती, हे कोणी सांगत नाही. दहा गुंठ्यांतलेही चार आणे असतात आणि दहा एकरांतलेही. सांगितला जातो तो फक्त वाटा. तरीही गैरसमज होत नाही, कारण "त्या वाडीत" हे दोन शब्द आधी आलेले असतात. रुपया कोणता ते ठरलेलं असतं, म्हणून आण्यांना अर्थ येतो.

वर्तमानपत्रं ज्याला पाय चार्ट म्हणतात आणि शाळेचं पुस्तक ज्याला वृत्तालेख म्हणतं, तो म्हणजे चित्रात काढलेली आणेवारीच. अख्खं वर्तुळ म्हणजे सोळा आणे, आणि त्यातली प्रत्येक वृत्तपाकळी म्हणजे एकेकाचा वाटा. हा आलेख तज्ज्ञांमध्ये चांगलाच बदनाम आहे. एडवर्ड टफ्टी यांनी 1983 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तो कधी वापरूच नये, असं स्पष्ट लिहिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची उंची माणसाचा डोळा जितकी बिनचूक वाचतो, तितका कोन वाचत नाही. हे खरं आहे, मला ते मान्य आहे. तरीही वृत्तालेख टाकून द्यावा असं मला वाटत नाही. तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, पण ते फार चांगलं देतो. आणि तो बिघडतो तेव्हा दोष बहुधा कोनाचा नसतो, रुपया न ठरवल्याचा असतो.

हे हाताने काढून पाहिल्याशिवाय पटत नाही. माझी भाची दहावीत आहे. तिला सरावासाठी पुस्तकातलं उदाहरण देण्याऐवजी मी आपल्याच पालघर जिल्ह्याचे आठ तालुके दिले, 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांनिशी. वसई 13,43,402. पालघर 5,50,166. डहाणू 4,02,095. वाडा 1,78,370. तलासरी 1,54,818. जव्हार 1,40,187. विक्रमगड 1,37,625. मोखाडा 83,453. एकूण 29,90,116. तिने प्रत्येक आकड्याला एकुणाने भागून 360 ने गुणलं आणि केंद्रीय कोन लिहून काढले: 162, 66, 48, 21, 19, 17, 17, 10. बेरीज बरोबर 360 आली. मग कंपासमध्ये पाच सेंटिमीटर त्रिज्या घेऊन वर्तुळ काढलं, एक त्रिज्या उभी आखली, तिच्यावर कोनमापक ठेवला आणि पहिली खूण 162 वर केली.

ती रेघ ओढली तेव्हाच ती म्हणाली, "मामा, वसई तर जवळजवळ अर्धी झाली!"

वृत्तालेखाचा उपयोग नेमका इथे आहे. सरळ रेषा आणि काटकोन डोळ्याला सहज ओळखता येतात. वसईची पाकळी सरळ रेषेला थोडी कमी पडली, म्हणजे निम्म्याला थोडी कमी, हे सांगायला आकडा लागला नाही. (आकडा आहे 44.9 टक्के.) हेच आठ स्तंभ काढून पाहा. वसईचा स्तंभ सगळ्यांत उंच दिसेल, पालघरच्या अडीचपट दिसेल, पण ती जिल्ह्यात केवढी, हे कळायला उरलेले सात स्तंभ मनातल्या मनात एकावर एक रचावे लागतील. पाकळ्यांचं तसं नाही, त्या शेजारी-शेजारीच असतात. वसई आणि पालघर मिळून किती, तर अर्ध्याच्या बऱ्याच पलीकडे. डोळा दोन्ही पाकळ्या एकत्र धरतो. इयान स्पेन्स आणि स्टीफन लेवांडोव्स्की यांनी 1991 साली अशाच प्रकारची तुलना लोकांसमोर ठेवली होती: दोन भाग मिळून एकीकडे, दुसरे दोन मिळून दुसरीकडे. तिथे वृत्तालेख स्तंभांपेक्षा सरस ठरला.

त्याच कागदावर त्याची मर्यादाही दिसली. जव्हार आणि विक्रमगड दोन्ही 17 अंशांचे. जव्हारमध्ये 2,562 माणसं जास्त आहेत, म्हणजे खऱ्या कोनात फरक सुमारे एक तृतीयांश अंशाचा. पाच सेंटिमीटरच्या वर्तुळाच्या कडेवर तो पाव मिलिमीटर भरतो. पेन्सिलची रेघच त्याहून जाड होती. अडीच हजार माणसं रेघेखाली गेली. स्तंभ काढले असते तर दोन टोकांमधला तो बारीक फरक निदान शोधता तरी आला असता. म्हणून कोण मोठा, कोण लहान, क्रम काय, असं विचारायचं असेल तर वर्तुळ काढू नये. एकुणात वाटा किती, एवढंच त्याला विचारावं.

आता रुपयाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

भाचीने काढलेलं वर्तुळ 31 जुलै 2014 पर्यंत कोणाला काढताच आलं नसतं. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी हे आठही तालुके ठाणे जिल्ह्यात होते आणि त्या अविभाजित ठाण्याची लोकसंख्या 2011 मध्ये 1,10,60,148 होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. त्या वर्तुळात वसई तालुक्याची पाकळी 44 अंशांची, काटकोनाच्या निम्मी. टक्के सुमारे 12. दुसऱ्या दिवशी तीच पाकळी 162 अंशांची झाली. एकही माणूस इकडचा तिकडे गेला नाही, एकही मूल जन्मलं नाही. विरार लोकल तशीच भरून गेली. बदललं होतं फक्त वर्तुळ. ठाण्यात एका कोपऱ्यात बसलेली वसई नव्या जिल्ह्यात जवळजवळ निम्मी जागा व्यापून बसली, आणि दोन्ही चित्रं तितकीच खरी आहेत.

स्तंभालेख असा बदलत नाही. तेरा लाखांचा स्तंभ कुठल्याही कागदावर तेरा लाखांचाच राहतो. वर्तुळातली पाकळी मात्र आपल्या आकड्यापेक्षा आपल्या सोबत्यांवर जास्त अवलंबून असते. सोबत कोणाला धरायचं हे आकडे ठरवत नाहीत. ते माणसं ठरवतात, कधी सरकारी अधिसूचना, कधी तह.

तह म्हणण्याला कारण आहे. वृत्तालेख पहिल्यांदा छापला तो विल्यम प्लेफेअर याने, 1801 सालच्या आपल्या पुस्तकात. स्तंभालेखही त्यानेच 1786 मध्ये रूढ केला होता, म्हणजे दोन्ही हत्यारं एकाच माणसाची. वर्तुळ त्याने वापरलं तुर्की साम्राज्यासाठी: युरोप, आशिया आणि आफ्रिका या तीन खंडांत त्याची जमीन कशी विभागली आहे, हे तीन रंगांच्या पाकळ्यांनी दाखवलं. त्याच पुस्तकाला त्याने हिंदुस्थानातल्या सत्तांची पुरवणी जोडली होती. पुस्तक निघालं तेव्हा पेशवे त्या सत्तांपैकी एक होते. पुढच्या वर्षी, 31 डिसेंबर 1802 ला, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि तो झाला आमच्या वसईत. साम्राज्याचं वर्तुळ कागदावर पक्कं दिसतं, पण त्याचा परीघ एका सहीने सरकतो. वसईच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वसई-विरार महापालिकेचंच पाहा. 3 जुलै 2009 ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र करून ती झाली. गावांमधून विरोध झाला, आंदोलनं झाली, 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळण्याचा निर्णय घेतला, आणि मग ते प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं राहिलं. त्या काळात शहराचा कुठलाही वृत्तालेख काढायचा, करवसुलीचा असो की हिरव्या जमिनीचा, तर गावं धरून की वगळून, हा प्रश्न आधी होता. भांडण वाट्याचं नव्हतं, सोळा आणे कशाचे याचं होतं. आणि वर्तुळाची रेघ इतकी गोल, इतकी बंद असते की ती पाहताना हे भांडण कोणाच्या मनातही येत नाही. माझी वृत्तालेखाविषयीची खरी तक्रार ही एवढीच आहे.

रुपया ठरवणं ही पहिली अट; दुसरी मला माझ्या चुकीतून कळली. आमच्या सोसायटीत मी एकदा प्रत्येक घरी जाऊन पाणी कुठून येतं ते विचारलं: नळ, टँकर की बोअरवेल. सभेत दाखवायला वर्तुळ काढायला बसलो तर टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. कारण बहुतेक घरं दोन-दोन, कुठे तिन्ही सांगत होती. तिन्हींचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडत होतं. मी ओढूनताणून ते वर्तुळात बसवलं, आणि सभेनंतर जिना उतरताना एका आजींनी विचारलं, "यात आमचं घर कुठल्या रंगात धरलंस रे?" मला सांगता आलं नाही. घर दोन पाकळ्यांत बसत नाही. पण घरांऐवजी लिटर मोजले असते तर? प्रत्येक लिटर एकाच वाटेने येतो, दोनदा मोजला जात नाही, आणि महिन्याचं सगळं पाणी हा एक पूर्ण रुपया होतो. प्रश्न तोच, पण मोजायची वस्तू बदलली की वर्तुळ खरं होतं. त्या आजींमुळे मी पुढच्या महिन्यात टँकरच्या पावत्या आणि मीटरचे आकडे गोळा केले.

दोन वर्तुळं शेजारी ठेवू नयेत, हेही रुपया ठरवण्याच्या अटीतूनच येतं. केंद्राच्या अर्थसंकल्पात रुपया कसा येतो आणि कसा जातो, हे दरवर्षी वर्तुळात दाखवतात, आणि मला तो या आलेखाचा उत्तम वापर वाटतो. रुपया ठरलेला आहे, पैसे शंभरच आहेत. 2025-26 च्या रुपयातले 24 पैसे कर्जाचे आणि खर्चातले 20 पैसे व्याजाचे. हे वाक्य कोणालाही समजतं. पण 2024-25 च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात कर्जाचे 27 पैसे होते, म्हणून कर्ज एवढंएवढं घटलं, असं दोन वर्तुळांवरून सांगू गेलं तर फसायला होतं. दोन्ही वर्तुळं सारख्याच आकाराची छापतात. रुपया मात्र वर्षभरात मोठा झालेला असतो. तिरकं, जाडी दिलेलं वर्तुळ तर काढूच नये. त्यात पुढची पाकळी फुगते आणि मागची दबते, मग मोजलेला कोन काही कामाचा राहत नाही.

भाचीच्या वहीत शेवटची पाकळी मोखाड्याची होती, 10 अंशांची. बाकी सगळी नावं पाकळ्यांच्या आत मावली. जव्हार आणि विक्रमगड तिने आडवे, बारीक अक्षरांत बसवले. मोखाडा बसेना. तिने विचारलं, "मामा, शेवटचे तीन-चार मिळून 'इतर' लिहू का? पुस्तकात तसं असतं."

मी तिला थांबवलं. विक्रमगड तालुक्यातल्या धामणीत सूर्या नदीवर धरण आहे. आपल्या नळाला येणारं पाणी बऱ्याच अंशी तिथलं आहे. म्हणजे 162 अंशांच्या पाकळीची तहान 17 अंशांच्या पाकळीतून भागते. माणसांऐवजी पाणी किंवा जंगल किंवा नुसती जमीन रुपया धरली, तर याच आठ तालुक्यांच्या पाकळ्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतील. वसई आक्रसेल आणि डोंगरावरचे तालुके पसरतील. 'इतर' लिहिलं की तो प्रश्न विचारायला नावच उरत नाही.

तिने खोडरबर घेतलं नाही. वर्तुळाच्या बाहेर एक आडवी रेघ ओढली, तिचं टोक त्या अरुंद पाकळीला टेकवलं आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाशी मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं: मोखाडा, 83,453. मग वर, शीर्षकाच्या ओळीत, आधी 'पालघर जिल्हा' एवढंच होतं, त्याच्यापुढे तिने लिहिलं: लोकसंख्या, 2011, एकूण 29,90,116.