नकलेमागच्या तारखा

संध्याकाळ झाली आहे. रायपूरच्या शंकर नगरातल्या वकिलांच्या ऑफिसात अशिलांची ये-जा थांबली आहे. मुंशीच्या टेबलाशी बसा. हाताने लिहिलेली, वापरून मऊ झालेली मुदतींची वही उघडा. घाई नको.

मुदत कायदा, 1963. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत. तरी आज फक्त तीसपाशी थांबा.

समजा, निकाल 5 मार्चला लागला. तो दिवस मोजायचा नाही. सहा तारखेपासून एकेक दिवस बोटांवर घ्या. तीस दिवस 4 एप्रिलला भरतात. आता निकालाची नक्कल उलटी करा. मागे शिक्के आहेत: अर्ज 10 मार्च, तयार 19 मार्च, दिली 24 मार्च. अर्जापासून तयार होईपर्यंत, दोन्ही दिवस धरून, दहा. हे दहा दिवस कलम 12 परत देतं. पुढचे पाच नाही. नक्कल तयार होती, आणायला कोणी गेलं नव्हतं. म्हणजे शेवटचा दिवस 14 एप्रिल. आंबेडकर जयंती, कोर्ट बंद. कलम 4 सांगतं, कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करा.

पुन्हा एकदा मोजा, सावकाश. या हिशेबाच्या पलीकडे कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. कोणाचं घर, कोणाची वाटणी. त्यांना कलम 12 ठाऊक नाही, असायची गरजही नाही. ते त्यांनी तुमच्यावर सोपवलंय. मुदत टळली तर कलम 5 आहे, विलंब माफ होऊ शकतो. पण मग हक्काची गोष्ट विनवणीची होते. मला वाटतं, मुंशीचं सगळं काम या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

या वह्या कायम बदलत आल्या. 1936 पासून रायपूरचं अपील नागपूरच्या उच्च न्यायालयात जाई. 1 नोव्हेंबर 1956 नंतर जबलपूरला, 1 नोव्हेंबर 2000 पासून बिलासपूरला. प्रत्येक वेळी कोणीतरी बसून पानं नव्याने लिहिली.

आता तुमची पाळी. 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता लागू झाल्या, पण त्याआधीचा गुन्हा जुन्याच कलमांखाली चालतो. म्हणून भारतीय दंड संहितेचं 302 खोडू नका. शेजारी न्याय संहितेचं 103 लिहा. मग 482 वर बोट ठेवा आणि तिथे जास्त वेळ थांबा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा आकडा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच अटकपूर्व जामिनाचा आहे, आणि अंगभूत अधिकार 528 वर गेले आहेत. नुसता आकडा कधीच लिहू नका. त्याच्यापुढे संहितेचं नाव पूर्ण लिहा.