61 वे नाव

आमच्या छोट्या शहरातील नगरपालिकेच्या उर्दू शाळेत पहिली ते पाचवीच्या पटावर 61 नावे होती. त्यांतले एक माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलीचे. तिचे अब्बा यंत्रमागावर कामाला भिवंडीला गेले आणि दिवाळीनंतर सारे घरच तिकडे गेले. दाखला मागायला कोणी आले नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत 60 मुलांना दोन शिक्षक, 61 ते 90 मुलांना तीन. म्हणजे त्या एका नावावर एका शिक्षकाची जागा उभी होती. नाव कमी केले तर एक जण अतिरिक्त ठरणार आणि उरलेले दोघे पाच वर्ग सांभाळणार. आमच्या ज्येष्ठ बाजी म्हणाल्या, "राहू द्या सर. 60 मुलांचे भले होते आहे."

हे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते. मोहल्ल्यातल्या खात्यापित्या घरची मुले केव्हाच इंग्रजी माध्यमात गेली. आमच्याकडे उरली ती रोजंदारीवाल्यांची. त्यांचाही एक शिक्षक काढून घ्यायचा?

पण हजेरी ही गवाही आहे. न पाहिलेल्या मुलीपुढे मी रोज 'हजर' लिहीत होतो. गवाही स्वतःविरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, हे सूरह निसामध्ये सांगितले आहे. ते मी वर्गात मुलांना शिकवतो.

शेवटी तिच्या अब्बांना फोन केला. मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळत होती. आमच्या पटावर ती शिकत होती, म्हणून शाळाबाह्य मुलांच्या यादीत तिचे नाव येणारच नव्हते. 60 मुलांच्या भल्याची किंमत ती चुकवत होती आणि तिला कोणी विचारले नव्हते.

मी नाव कमी केले, दाखला पाठवला. दाखल्यावाचूनही प्रवेश नाकारता येत नाही, हेही सांगितले. ती आता शाळेत जाते, असे अब्बा म्हणतात.

पुढे आमची एक जागा गेली. चौथी-पाचवी मी एकत्र घेतो. मुलांचे नुकसान होते, हे नाकारत नाही. मात्र ते आता सर्वांना दिसते. पालकांना सोबत घेऊन त्यासाठी नगरपालिकेत भांडता येते. खोट्या नावाच्या आधाराने कोणत्या तोंडाने भांडलो असतो?